चेंडूला लावलेले तेल

बाबा,

तुमच्या क्लबाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि गेले तीन आठवडे मी तुमच्यावर रागावलेलो आहे. तुम्हाला जाऊन अर्धशतक होत आले. इतक्या जुन्या माणसावर रागावणे शोभत नाही, हे मला समजते. परंतु ज्या माणसाने एका संस्थेचे पंधरा वर्षे व्यवस्थापन केले आणि मागे लिहिलेला एक कागद ठेवला नाही, त्याच्या मुलाने दुसरे काय करावे, हेही मला समजत नाही. क्लबाचे सध्याचे कार्यवाह आरोंद्याहून मोटारसायकलने कणकवलीस माझ्या घरी आले. स्मरणिका काढायची आहे, पहिल्या पानावर तुमचे छायाचित्र आणि त्यामागे इतिहास, असा बेत त्यांनी सांगितला. काजूच्या कारखान्याच्या काळातले आता मीच एकटा लिहू शकणारा उरलो आहे, असेही म्हणाले. सोबत त्यांनी स्वतः तयार केलेला कच्चा मसुदा होता. तो मी त्यांच्यासमोरच वाचला. तिसऱ्या पानावर असे वाक्य होते : ‘खाडीपलीकडच्या संघाविरुद्धचा ऐतिहासिक सामना एका महिला कामगाराच्या अज्ञानामुळे बंद पडला व क्लबाची मोठी हानी झाली.’ ती महिला कामगार म्हणजे तुमची सून. तिला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते, आणि मसुदा आणणारा गृहस्थ तिच्याच खुर्चीत बसून चहा पीत होता.

मी त्यांना विचारले, हे वाक्य कोठून घेतलेत? ते संकोचले नाहीत. म्हणाले, “सर, ती गजाल सगळ्यांका म्हायत आसा. राखवालीची गजाल. लोकांका वाचूक बरां वाटतलां.” ती कोण होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि फार वेळा क्षमा मागितली, आणि मग जाताना दारात थांबून म्हणाले की सर, तुम्हीच ठरवा, पण तुमच्या वडिलांचे, मुकादमांचे नाव खराब होईल असे काही नको, शनिवारी मजकूर छापखान्यात जायचा आहे. आज गुरुवार आहे. तिला त्या वाक्यातून बाहेर काढायचे तर त्या जागी कोणाचे तरी नाव घालावे लागणार, कारण चेंडूला तेल आपोआप लागत नाही. माझी अडचण एवढीच आहे. पण तेवढ्यापर्यंत यायलासुद्धा मला तुमच्या पंधरा वर्षांच्या गोंधळातून वाट काढावी लागते आहे.

स्थापनेच्या वर्षाचेच पाहा. तुम्ही मला सांगितले होते, “ज्या सालाक भट्टी फुटली, त्या सालाक आमी खेळाक लागलंव.” कारखान्याची भट्टी दोनदा फुटली. पहिल्या वेळी मी प्राथमिक शाळेत होतो आणि दुसऱ्या वेळी मॅट्रिकला. त्यांतील कोणती, असे मी एकदा विचारले असता तुम्ही म्हणालात की मोठी फुटली ती. मी कार्यवाहांना ‘पन्नासच्या दशकाच्या मध्यास’ असे लिहून दिले आहे. इतिहास लिहिणाऱ्याला असे मोघम लिहिण्याची लाज वाटते, हे तुम्हाला कधी पटले नसते.

जे निश्चित ठाऊक आहे ते एवढे : काजूच्या कारखान्यात भट्टीवर कामाला असलेला एक माणूस खाडीपलीकडचा होता, म्हणजे त्या वेळच्या पोर्तुगीज हद्दीतला. सुट्टीवरून परतताना तो होडीतून एक कातडी चेंडू घेऊन आला. पुढे हद्द बंद झाली, त्याला घरी जाता येईना, आणि घरी जाता न येणारा माणूस रविवारी करणार काय, म्हणून त्याने कारखान्याच्या पटांगणात भट्टीवाल्यांना आणि पोती वाहणाऱ्यांना चेंडूला लाथा कशा मारायच्या ते शिकवले. काजू वाळत घालण्याचे ते पटांगण. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तेथे काजी, म्हणजे टरफलासकट काजूबिया, पसरलेल्या, म्हणून आपला संघ जगातील इतर संघांसारखा कोरड्या दिवसांत खेळलाच नाही. आपण पावसात आणि पावसाच्या शेवटी खेळलो. तुम्ही व्यवस्थापक झालात, कारण शिट्टी तुमच्याकडे होती. पाळी बदलण्याची शिट्टी. शेठनी आक्षेप घेतला नाही, कारण खेळून दमलेला माणूस सोमवारी शुद्धीवर कामाला येतो, असे त्यांच्या ध्यानात आले होते. सर्व जण अनवाणी. आणि सर्वांना तुमचा एक नियम : चेंडूला डोके लावायचे नाही. पाणी प्यालेला चेंडू दगडासारखा होतो, कोणाची मान लचकली की दुसऱ्या दिवशी पोते उचलायला एक डोके कमी. एका नव्या पोराने उत्साहात उडी मारून डोके लावले तेव्हा तुम्ही खेळ थांबवून सर्वांसमोर त्याला विचारले होते, “डोकी पोत्यांसाठी आसत रे मेल्या. फाल्या पोती कोण उचलतलो, तुझो बापूस?” लोक हसले. मी नाही हसलो. मी तेव्हा हायस्कुलात होतो आणि फुटबॉलच्या नियमांचे एक इंग्रजी पुस्तक वाचले होते. डोके लावणे हा खेळाचा मान्य भाग आहे, असे मी तुम्हाला रात्री जेवताना सांगितले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “बुकातल्या माणसांका पोती उचलूक लागनत नाय.” ही वस्तुस्थिती मी इतिहासात तपशिलाने लिहिली आहे. आपला संघ डोके लावत नसे, हे वाचकाला आधीच माहीत असल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

खेळून झाला की तो चेंडू तुम्ही आईच्या स्वयंपाकघरात आणीत असा. चुलीवर शिंकाळ्याला सुके बांगडे टांगलेले असत, त्यांच्या शेजारी चेंडू. धुराने चामडे टिकते, असे तुमचे मत. आईचे मत निराळे होते. मला ते दृश्य आत्ता दिसते आहे : ती चुलीपाशी बसली आहे, भाकरी थापते आहे, वरून चिखलाचा एक थेंब परातीत पडतो, आणि ती कोणाकडेही न पाहता म्हणते, “माझ्या पोटाक चार झील इले असते तर हो चेंडू हंय टांगूक लागलो नसतो.” तुम्ही म्हणता, “मगे तो पाचवो झालो असतो.” माझे भावंडांशिवाय वाढणे हा तुम्हा दोघांच्या विनोदाचा विषय होता, आणि मी अभ्यासाचे पुस्तक घेऊन ओटीवर जाऊन बसत असे. पुस्तकाला बांगड्याचा वास येई. कोल्हापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या खोलीतल्या मुलाने खिडकी उघडून ठेवली होती, ती त्या वासासाठी, हे मी तुम्हाला कधी लिहिले नाही.

गोवा मुक्त झाला आणि हद्द गेली. त्यानंतरच्या पावसाळ्याअखेरीस तुम्ही ठरवलेत की खाडीपलीकडच्या संघाला बोलवायचे. यात फक्त खेळ नव्हता, हे मी मान्य करतो. अर्ध्या गावाचे सोयरे पलीकडे. कित्येक वर्षे ते एकमेकांना पाण्यावरून पाहत होते. आता ते दिवसाउजेडी, सरळ, पाहुणे म्हणून येणार होते. तुम्ही शेठना पटवलेत, एका शाळामास्तरांना पंच म्हणून बोलावलेत, बायकांच्या शेडमधून काजू फोडणाऱ्या सगळ्या जणींना त्या दिवशी पाहायला यायची मुभा मिळवलीत. मी दिवाळीच्या सुट्टीसाठी आलेलो होतो. रसायनशास्त्र हा माझा विषय. परतीचा पाऊस रोज दुपारी येत होता आणि तुमच्या मनाला एकच घोर लागला होता : चेंडू भिजून जड होईल, पाहुणे बूट घालून येतील, आपली अनवाणी माणसे तो जड चेंडू लाथाडणार कशी? शुक्रवारी चेंडूला तेल लागले. काजूच्या टरफलांचे तेल. होड्यांच्या तळाला लावतात तेच, काळे, जाड. रविवारी सकाळी चेंडू हाताला कोरडा लागत होता आणि चिंचेच्या बियांसारखा चकाकत होता. तुम्ही त्यावर पाणी ओतून सर्वांना दाखवलेत. पाणी घरंगळून गेले. इतके खूश झालेले तुम्हाला मी माझ्या बी.एस्सी.च्या निकालाच्या दिवशीही पाहिले नाही.

रेषेवर झेंडा घेऊन मी उभा होतो, म्हणून जे घडले ते मी जवळून पाहिले आहे. पाहुण्यांचा संघ चांगला होता. ते उंच चेंडू टाकत आणि डोक्याने खेळत. आपली माणसे जमिनीवरून, कारखान्यातल्या तेलाने आधीच राठ झालेल्या पायांनी. पंधरा-वीस मिनिटांनी सर आली, थांबली, ऊन पडले, पुन्हा सर आली. लाथांनी आणि पाण्याने वरची कोरडी साय फुटली असावी; आतले तेल ओलेच होते. मध्यंतरापूर्वीच त्यांचा कप्तान कपाळ चोळू लागला. मग दुसरा. तिसऱ्याच्या कपाळावर लाल गोल चट्टा उठला होता. ते आपापसांत त्यांच्या कोकणीत बोलत होते, कपाळ लासता, कपाळ लासता, म्हणजे भाजते आहे. पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. तुम्ही गेलात, कप्तानाचे कपाळ न्याहाळलेत, आणि सबंध गावाच्या देखत, पंचवीस वर्षे भट्टीवर काढलेल्या माणसाने, म्हणालात, “घामोळां आसतलां.”

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ती आली. तेव्हा ती माझी कोणीच नव्हती. फोडणाऱ्यांच्या पहिल्या रांगेतली एक मुलगी, वीस वर्षांची असेल. शेडमधून राखेचा डबा घेऊन ती धावत आली होती. काजू फोडायला बसण्यापूर्वी त्या बायका हात राखेत बुडवून घेत, आणि कोठे तेल लागून कातडी भाजली तर पुन्हा राख, मग खोबरेल. त्यांना त्यात विचार करण्यासारखे काहीच नव्हते. तिने कप्तानाला खाली बसवले आणि त्याच्या कपाळाला राख फासायला सुरुवात केली. तुम्ही तिला आडवे गेलात. ती म्हणाली, “मुकादमानू, बाजूक व्हा. आदी राख लावूक होयी.” तुम्ही पुन्हा घामोळ्याचे म्हणालात. तिने मान वर केली. “घामोळां चेंडवाच्या मापाचां उठता काय हो मुकादमानू?” बायका हसल्या. पंच मास्तर होते, त्यांनी शुद्ध भाषेत विचारले, “बाई, राख कशासाठी?” आणि तिने सरळ उत्तर दिले, “काजीचां तेल लागलां काय आमी राखच लावतंव. तुमच्यात काय लावतत?”

झाले. पंचांनी चेंडू हातात घेतला, हुंगला. मग त्यांनी आपल्या संघातल्या अकरा माणसांच्या कपाळांकडे पाहिले. एकाच्याही कपाळावर काही नव्हते. त्यांनी विचारले, तुमच्यातल्या एकानेही डोके कसे लावले नाही? आपल्या गोलरक्षकाने प्रामाणिकपणे सांगितले, “मुकादमांनी डोकी लावूची नाय म्हणान सांगलेलां आसा.” ते खरेच होते. ते कित्येक वर्षांपासून खरे होते. पण त्या क्षणी, त्या पटांगणात, ते वाक्य कसे ऐकू आले असेल, याचा विचार करा. पाहुणे उठले. सामना सोडून ते होड्यांकडे गेले, काहींच्या कपाळांना राख तशीच होती. होडी ढकलताना त्यांच्यातला एक वयस्क माणूस तुम्हाला म्हणाला की इतकी वर्षे हद्द होती तीच बरी होती. तुम्ही काठावर उभे होतात.  दुसऱ्या दिवशी त्या मुलांच्या कपाळांना फोड आल्याचे कळले. आठवड्याभरात शेठनी पटांगण बंद केले, संघाला कारखान्याचे नाव लावायला मनाई केली, आणि तुम्ही शेतकऱ्यांच्या हातापाया पडून कापणी झालेल्या मळ्यात क्लब नेलात. तुमच्या क्लबाची खरी स्थापना माझ्या मते त्या मळ्यात झाली, कारखाना पुढे बंद पडला तरी तो टिकला तो त्यामुळे. पण स्थापनेचे कारण असे असल्यावर ते वर्ष कोण कशाला लक्षात ठेवील.

गावाला दोष द्यायला माणूस हवे होते. मुकादमाला फसवा म्हणायचे तर सगळा संघच फसवा ठरतो. त्यापेक्षा राखेचा डबा घेऊन धावलेली पोर बरी. ती धावली नसती तर कोणाला कळले नसते. पाहुणे घामोळे समजून घरी गेले असते. इतके अज्ञान कसे, चार माणसांत डबा घेऊन धावते? तिला राखवाली हे नाव पडले. बाजारात, देवळात, होडीच्या तरीवर. तुम्ही ते थांबवू शकत होतात. तुमची शिट्टी वाजली की शंभर माणसे काम थांबवीत. तुम्ही एकदा म्हणाला असता की पोर बरोबर होती, तर संपले असते. तुम्ही म्हणाला नाहीत. तीन वर्षांनी मी तिच्याशी लग्न करतो म्हणून सांगितले तेव्हाही तुम्ही इतकेच म्हणालात, “तुका समाजता तां कर.”

आणि त्यानंतरची ती सहा वर्षे. आई गेलेली, कारखाना बंद झालेला. तुम्ही कसालला आमच्याकडे राहायला आलात. मी तेथे शाळेत शिकवीत होतो. सहा वर्षे तिने तुमचे ताट वाढले आणि सहा वर्षे तुम्ही तिच्याशी एक शब्द थेट बोलला नाहीत. मी मध्ये बसलेलो असे. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणत, “शिताक मीठ कमी आसा म्हणान सांग तिका.” ती दोन हातांवर उभी असे. ती म्हणे, “तेंका सांगा, बरणी तेंच्याच गुडघ्याकडे आसा.” तुम्ही बरणी घेत. मी, शाळेत चाळीस मुलांना शिस्त लावणारा मनुष्य, जेवणाच्या पाटावर दोन मोठ्या माणसांचे निरोप एक हातावर पोचवीत असे. मला वाटे की तुम्ही तिला क्षमा केलेली नाही. मला त्याचा मनस्वी संताप येई. तुम्ही गेलात त्या दिवशी ती रडली आणि मला त्याचाही राग आला.

गेल्या चैत्रात, ती अंथरुणावर असताना, मी हे तिला बोललो. इतक्या वर्षांत प्रथमच. मी म्हणालो, बाबांनी तुझ्यावर सबंध आयुष्य राग धरला, आणि मला तो थांबवता आला नाही. ती हसली. म्हणाली, “अवो, तेंचो माझ्यार राग नव्हतो. तेंका माझ्याकडे बोलूचो भंय होतो. एक शब्द बोलले असते तर दुसरो इलो असतो. ती गजाल इली असती. आणि ती गजाल इली म्हणजे मगे तुमी इले असतास.” मग ती म्हणाली, “शुक्रवारी शेडीत मी होतंय. तुमी इसारलास?”

मी विसरलेलो नव्हतो, बाबा. शुक्रवारी तुम्ही चेंडू धुरात ठेवणार होतात, नेहमीसारखा. मी म्हटले, धुराने काही होत नाही. टरफलांचे तेल हवेत वाळले की त्याचा थर बनतो, त्यातून पाणी जात नाही. होड्यांना लावतात ते त्यासाठीच. मी तुम्हाला त्याचे रसायन समजावून दिले. तुम्हाला काही कळले नाही, पण तुमचे तोंड उजळले. तुम्ही म्हणालात, “कॉलेजात जावन ह्यां शिकलंस? बरां केलंस.” आयुष्यात तुम्ही माझ्या शिक्षणाला चांगले म्हणालात तो हा एक प्रसंग, म्हणून मी कुंचला स्वतः हातात घेतला. मीच लावले, दोन हात. ती शेडमध्ये राख चाळत बसली होती. तिने मान वर न करता सांगितले, “होडयेक लावल्यार उन्हात आठ दिस लागतत सुकाक. ह्या हवेत पंधरा लागतले.” मी त्या मुलीकडे वळून, कोल्हापुरात शिकलेल्या भाषेत, म्हणालो, “ते लाकडाचे झाले. चामड्याचे शास्त्र वेगळे असते.” चामड्याचे शास्त्र मला काडीइतके ठाऊक नव्हते. ती पुन्हा राख चाळू लागली. तुम्ही तिच्याकडे पाहून हसलात, माझ्या वतीने, अभिमानाने.

आणि रविवारी पंच चेंडू हुंगत होते तेव्हा मी तुमच्यापासून दहा पावलांवर होतो, झेंडा हातात धरून. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलेत. मी पाहिले की तुम्ही पाहिलेत. मला वाटले, आता हे बोट दाखवतील. तुम्ही तोंड फिरवलेत आणि पुन्हा घामोळ्याचेच सांगू लागलात. फसवा म्हणवून घेतलेत, पटांगण गमावलेत, पलीकडचे सोयरे गमावलेत, आणि सुट्टी संपल्यावर मला एस.टी.पर्यंत पोचवायला आलात तेव्हा इतकेच म्हणालात की परीक्षा बरी दे. मी तिला विचारले की तू का नाही सांगितलेस. “मी कशाक सांगू? पंचांनी राखेचां इचारल्यानी, कुंचल्याचां नाय.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि मगे मी तुमच्या घरात इलंय. घरातलां भायर सांगूचां नसता.”

माझा वैताग नेमका येथे आहे. तुम्ही दोघांनी, एकमेकांशी एक शब्द न बोलता, माझ्या ताटाच्या दोन बाजूंना राहून मला सहा वर्षे सांभाळलेत, आणि मला कोणी विचारले नाही. मी म्हणालो होतो का, मला सांभाळा म्हणून? तुम्ही एकदा खडसावले असते, माझ्यावर नाव टाकले असते, तर मी वीस वर्षांचा होतो, मला ते सोसले असते, आणि तिला पुढची सगळी वर्षे देवळाच्या पायऱ्यांवर ते नाव ऐकावे लागले नसते. असे मी तीन आठवडे तुम्हाला मनात सुनावतो आहे, आणि प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी पोचल्यावर मला दिसते की तुम्ही गेल्यानंतरही अर्धशतक मी शिकलेला, सन्मान्य, सभांतून बोलणारा माणूस होतो, आणि माझ्या तोंडाला कोणी हात लावलेला नव्हता.

सकाळी मी मजकूर पुरा केला. तिसऱ्या पानावर आता असे आहे : ‘चेंडूला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची सूचना या लेखाच्या लेखकाने केली व तेल त्यानेच लावले. ते सुकण्यास पंधरा दिवस लागतील, असे शेडमधील एका कामगार मुलीने त्याला आधीच बजावले होते. तिचे त्याने ऐकले नाही. सामन्याच्या दिवशी खेळाडूंना योग्य उपचार करणारी तीच. ती पुढे त्याची पत्नी झाली. क्लबाचे व्यवस्थापक, त्याचे वडील, यांनी दोष स्वतःवर येऊ दिला.’ कार्यवाहांना दूरध्वनीवर वाचून दाखवले.  ते म्हणाले, “सर, ह्यां असां छापूचां?” मी म्हणालो, असेच. शनिवारी ते न्यायला येतील.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, ते उघडच आहे. परंतु एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण तुमच्याशी मी आज खोटे वागलो आहे. हे सगळे तुम्हाला सांगण्याचे नव्हतेच. ते सांगायला माणूस दुसरे होते, ते चैत्रात माझ्यासमोर अंथरुणावर होते, आणि ‘तू बरोबर होतीस’ एवढे तीन शब्द बोलायचे तर मी उठून खिडकी लावायला गेलो. परतलो तोवर तिला झोप लागली होती, आणि झोपमोड करणे योग्य नाही, असे मी मानले. आजही कागदावर प्रथम तिला उद्देशून लिहायला बसलो होतो. जमले नाही. तुमच्यावर रागावणे मला येते.